सहदेवभाऊंची भरवशाची मशीन

आमच्या गल्लीत एकच घर असं हाये की ज्यात भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसता येते. अन् त्याच घराचा मालक मागच्या उन्हाळ्यात बनियनवर, घामाने निथळत खुर्चीत बसेल असे. म्हणाल, हे काय गौडबंगाल? तेच तर सांगून राह्यली. पण मधात टोकू नका. मी एसटीत कंडक्टर होती, अकोला-अकोट-परतवाडा ही लाईन वर्षानुवर्षं केली. पुढं सरका म्हटलं की माणूस पुढं सरके. मले उलटून बोलणाऱ्याची सवय नाही.

मी संध्या. सहदेवभाऊ माझे शेजारी. अकोट रोडले शहर संपते तथी त्यांचं फुलांचं वावर होतं. झेंडू, शेवंती, गलांडा. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. जमिनीखालचं पाणी मिठाचं, चूळ भरली तर तोंड वाकडं होते. पण गलांडा खाऱ्या पाण्यातही येते, अन् सहदेवभाऊंचा गलांडा जुन्या शहराच्या फूलबाजारात लोक नाव घेऊन मागत. वय झालं तसे त्यांनी वावराचे प्लॉट पाडून विकले. घरापुरती अन् चार वाफ्यांपुरती जागा ठेवली. त्यातल्याच एका प्लॉटवर माझं घर. माझ्या घरात पोरगा, सून, नातवंडं, सुनेची माय अन् एक कुत्रं. घडीभर एकटं बसायचं म्हटलं तर मले संडासात जाऊन बसा लागते. अन् भिंतीपलीकडं सहदेवभाऊंच्या घरात चमचा पडला तरी मले ऐकू येते, कारण तिकडं दुसरा आवाजच नाही.

चार वर्षांमागं त्यांची बायको मनकर्णाबाई गेली. लय बोलकी बाई. दगडाले बोलतं करीन अशी. एकुलता एक पोरगा सागर, तो कॅनडात, एडमंटन नावाच्या गावात नोकरीले. बाई होती तोवर बाप-लेक तिच्याच तोंडाने बोलत. फोन तिच्या हातात. ती म्हणे, "अहो, सागर इचारून राह्यला, गुडघा कसा हाये?" हे म्हणत, "सांग त्याले, बरा हाये." पोरगं तिकडून सारं ऐके, तरी ती परत सांगे, "बरा हाये म्हणतात रे." ती गेली अन् मधातलं माणूसच गेलं.

नंतरचे फोन मी माझ्या कानांनी ऐकेल हायेत. सांजच्याले, दिवाबत्तीच्या वेळी फोन ये. तिकडं तवा सकाळ असते, सागर कामावर जायच्या आधी करे.

"जेवले का बाबा?"

"दुपारी जेवलो. तू?"

"नाश्ता केला. गरमी हाये का?"

"हाये. तिकडं थंडी?"

"हाये. बरं मंग, ठेवतो."

"ठेव."

संपलं! अरे, माझ्या बसमधी अनोळखी माणसं याच्यापेक्षा जास्त बोलत. पोरगा वाईट नव्हता, बापही वाईट नव्हता. माया म्हणाल तर दोघांच्या पोटात मावत नव्हती. पण विषय कोठून आणाव? फोन ठेवल्यावर सहदेवभाऊ तो हातात धरून बसत, पडदा काळा होईपर्यंत. मंग पुन्हा बोट लावून उजेड करत. मले ते पाह्यवत नसे. मी काहीतरी कारण काढून घरी निघून ये.

विषय भेटला तो त्यांना लू, म्हंजे उन्हाचा झटका, लागल्यावर. दुपारचं वाफ्यात पाणी द्यायले गेलते. अकोल्याचं ऊन, तुमाले सांगायची गरज नाही. मी भांडे घासून राह्यली होती. भिंतीपलीकडून बादली पडल्याचा आवाज आला, पण उचलल्याचा आला नाही. मी धावत गेली तर भाऊ वाफ्यात आडवे, अंग तापलेल्या तव्यासारखं अन् घामाचा थेंब नाही. ऑटोत टाकून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे, यावेळी निभावलं. या वयात पुन्हा लागली तर माझ्या हातात काही राहणार नाही. घर थंड ठेवा.

सागरले मीच फोन केला. तिकडं मध्यरात्र होती, पण मी म्हटलं, झोपला असशीन तर ऊठ. तो म्हणे, "मावशी, मी आता निघालो तरी दोन दिवस लागतात. तोवर..." मी म्हटलं, इथं मी हाये.

मंग घर थंड कसं ठेवाव, यावर बाप-लेकाचं सुरू झालं. कूलर होता घरात, पण खारं पाणी टाकून टाकून त्याच्या जाळ्यांवर मिठाची पांढरी खपली धरेल, अन् हवा अशी ये की कोणी तोंडावर फुंकर मारून राह्यलं. एसी लावा म्हटलं तर सागर म्हणे, बाहेरच्या डब्ब्याले छेचाळीस डिग्रीत स्वतःचाच जीव सांभाळता येत नाही. मंग एक दिवस तो म्हणे, "बाबा, माझं घर इथं जमिनीतून गरम होते."

"जमिनीतून? चूल पुरेल हाये का खाली?"

मी तथीच होती. सागर हासला. मनकर्णाबाई गेल्यावर पहिल्यांदा मी त्या फोनमधून हासू ऐकलं. मंग त्यानं समजावून सांगतलं. वर बर्फ पडो का आग, जमिनीच्या पोटात खोल गेलं की बारमाही सारखंच असते. तिकडं हिवाळ्यात मशीन खालची ऊब नळ्यांतल्या पाण्यानं वर आणते. आपल्याकडं उलटं. घरातली गरमी पाण्यात घ्यायची, ते पाणी नळ्यांतून खाली न्यायचं, गरमी जमिनीत सोडायची, अन् थंड झालेलं पाणी वर. सहदेवभाऊ म्हणाले, "म्हंजे घराचा ताप जमिनीनं घ्यायचा." सागर म्हणे, "हव बाबा, तेच." त्या दिवशीचा फोन दिवा लावला तवा सुरू झाला, अन् माझी भाजी-भाकर होऊन गेली तरी चालूच होता.

अन् मंग काय सांगू! रोज. रोज सांजच्याले हा माणूस आंघोळ करून, सदरा घालून, केस विंचरून फोनसमोर बसे. कोणती मशीन भरवशाची, हे ठरवायचं होतं ना. सागर तिकडून इचारे, हे इकडून सांगत. नागपूरची एक कंपनी म्हणे, विहिरीचंच पाणी मशीनमधी फिरवू, सोपं पडते. सहदेवभाऊ म्हणाले, "आपलं पाणी खारं हाये रे. लोखंडी मोट खाऊन टाकली त्यानं, तुझ्या मशीनची तांब्याची नळी किती दिवस टिकीन?" सागर म्हणे, बरोबर. म्हंजे पाणी बंद नळीतलंच पाह्यजे, तेच ते फिरणारं, विहिरीशी संबंध नाही. दुसरा एकजण म्हणे, वावरात आडवे चर खणून कमरेइतक्या खोल नळ्या पुरू. तवा सागरच म्हणे, "नाही बाबा, काळी माती हाये. भेगा आठवा."

"कोणत्या भेगा?"

"माही चप्पल गेलती ना भेगेत! निळ्या पट्ट्याची. मी पाचवीत होतो. तुमी आडवे झोपून, खांद्यापर्यंत हात घालून काढली."

सहदेवभाऊंनी फोन डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, "तुले आठवते?"

"आठवते बाबा. तुमच्या हाताले खरचटलं होतं. आई लय रागावली."

आता तुमीच सांगा, भेगांचा विषय निघाला नसता तर ती चप्पल निघाली असती का? उन्हाळ्यात काळी माती आकसते, नळीपासून सुटते, मधात हवा जाते अन् गरमी जमिनीत उतरतच नाही. म्हून आडवे चर नाही, उभे बोअरच घ्यायचे, खाली काळ्या दगडापर्यंत, अन् नळीच्या भोवताल गिलावा ओतून घट्ट करायचं. हे ठरलं. पण ते ठरता ठरता शेतातली चप्पल निघाली, बापाच्या खांद्यावर बसून पाह्यलेला पोळा निघाला, मनकर्णाबाईच्या हातची अंबाडीची भाजी निघाली. मशीनच्या नावाखाली दोघं घरभर हिंडून येत.

असं वर्ष गेलं. हो, वर्ष! मी म्हटलं, "भाऊ, मशीन घेऊन राह्यले का सोयरीक जमवून राह्यले? किती स्थळं पाह्यसान?" ते म्हणत, "घाई करून कसं चालीन संध्याबाई, भरवशाची पाह्यजे." अन् सागरही तिकडून म्हणे, "मावशी, एकदा बोअर मारलं की परत थोडंच मारता येते? नीट पाहू."

नांदगाव पेठेत एका कापड कारखान्याच्या पाहुण्यांच्या बंगल्यात अशी मशीन बसवेल हाये, असं समजलं. म्हटलं चला, डोळ्यांनी पाहू. मी संगे गेली. अमरावतीपर्यंत एसटी, पुढं ऑटो. तथी मशीन सांभाळायले धर्मपाल नावाचा माणूस होता, गरीब सभ्य माणूस. त्यानं सारं दाखवलं. सहदेवभाऊंनी फोनवर सागरले तथूनच चित्र दाखवलं नाही, कारण तिकडं रात्र होती, पण सांजच्याले सांगायले सारं डोक्यात भरून घेतलं. शेवटी इचारलं, "बिघडते का?"

धर्मपाल म्हणे, "बिघडते? चार उन्हाळे झाले काका, एकदाही नाही. आधीच्या एसीपायी कंपनीचा माणूस हप्त्याले ये, चहा पिऊन जाये, गप्पा होत. आता कोणीच येत नाही. बिघडतच नाही तर येईन कायले? मीच कंटाळून गेलो बाप्पा."

मी हासली. म्हटलं, बस झालं, हेच घ्या, याच्याइतकं भरवशाचं दुसरं काय असीन? सहदेवभाऊ हासले नाहीत. परतीच्या बसमधी खिडकीले डोकं लावून बसले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, माणसाचं डोकं खिडकीलेच. मले वाटलं, ऊन लागलं. पाण्याची बाटली दिली तर म्हणाले, "तहान नाही." मंग थोड्या वेळानं आपल्याआपणच म्हणाले, "अजून एकदोन कंपन्या पाहू."

पण सागरनं ठरवून टाकलं, कंपनी नागपूरचीच, पण मशीन बंद नळीची. त्याले बापाच्या जिवाची धास्ती. पुढचा उन्हाळा यायच्या आत घर थंड पाह्यजे म्हणे. संक्रांत झाल्यावर बोअरची गाडी आली, दगड फोडून गल्ली दणाणून सोडली, सारं अंगण पांढऱ्या भुकटीनं भरलं. नळ्या उतरल्या, गिलावा ओतला, आतल्या खोलीत मशीन बसली. त्या दिवसांत फोन दिवसातून दोन-दोनदा ये. सहदेवभाऊंच्या अंगावर मूठभर मास चढलं. होळीच्या सुमाराले मशीन सुरू झाली.

अन् घर थंड झालं. खरंच सांगते, असं थंड की विहिरीच्या पायरीवर बसल्यासारखं. वारा अंगावर मारत नाही, आवाज नाही, फक्त आतून बारीक हूं हूं. पहिले चार दिवस गल्ली पाह्यले आली. मंग थंड राहावं म्हून दारं-खिडक्या लावून घ्या लागल्या, अन् लावलेलं दार कोणी वाजवत नाही. आधी उघड्या दारातून येणारा-जाणारा डोकावे, "काय भाऊ?" म्हणे. तेही गेलं.

अन् फोन?

"चालू हाये ना बाबा?"

"चालू हाये."

"बरोबर थंड करते?"

"एकदम."

"बरं मंग, ठेवतो."

"ठेव."

मी चैत्रात एकदा गेली तर भाऊ सदरा घालून, केस विंचरून, शाल पांघरून बसेल, अन् फोन केव्हाचाच संपेल. मले त्या थंडीत कसंसंच झालं.

मंग थोड्याच दिवसांनी मशीन बिघडली म्हून कानावर आलं. सहदेवभाऊच म्हणाले, भिंतीवरून. "थंड करत नाही संध्याबाई. सागर म्हणते, प्रेशर पाहा, नळी पाहा." माझं डोकं भणकलं. एवढे बोअर मारले, एवढा धुरळा खाल्ला, अन् एक उन्हाळा नाही टिकली? मी कंपनीले फोन लावला अन् अशी काही झापली की माझी सून दुसऱ्या खोलीत गेली. कंपनीचा माणूस नागपूरहून धावत आला. सारं उघडून पाह्यलं, म्हणे, "काही झालं नाही, नवी कोरी हाये." तो गेला अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा बिघडली! सहदेवभाऊंचे फोन मात्र पुन्हा लांबले. भिंतीपलीकडून ऐकू ये, "नाही रे, पस्तीस दाखवते. थांब, तुले थर्मामीटर दाखवतो." मले वाटे, बिचारा. मशीन दगा देऊन राह्यली, पण पोरगा जिवाले लागेल हाये.

आली आखाजी, अक्षय तृतीया. आमच्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरून पुजतात. शेवया अन् चिंचोणी करतात, चिंचेचं गोड-आंबट पाणी, पितरांचा जीव थंड व्हावा म्हून. मनकर्णाबाईची घागर कोण भरीन? मी ताट घेऊन दुपारी गेली. दार लोटलं तर भट्टीत पाय टाकल्यासारखं झालं. भाऊ बनियनवर खुर्चीत. चेहरा लालभडक, डोळे अर्धे मिटेल, हातातला पंखा हालत नव्हता. माझ्या हातून ताट पडता पडता राह्यलं. दोन वर्षांमागचा वाफा आठवला मले. आधी ओला दुपट्टा डोक्यावर टाकला, पाणी पाजलं, अन् मंग त्या मेल्या मशीनले लाथ घालायले आत गेली. पाह्यते तर भिंतीवरचं बटन बंद.

बिघडेल नाही. बंद.

मी बटन दाबलं. हूं हूं सुरू झालं. बाहेर येऊन उभी राह्यली. म्हटलं, "भाऊ, हे काय हाये?"

"राहू द्या संध्याबाई."

"काय राहू द्या? मरायचं हाये का? डॉक्टरनं काय सांगतलं, इसरले?"

बुढ्यानं मान खाली घातली. म्हणाले, "सकाळपासून बंद ठेवली म्हंजे सांजपर्यंत घर तापते. त्याले थर्मामीटर दाखवा लागते ना." थोडा दम घेतला. "चालू असली का तो दोन मिनिटांत ठेवते. बंद असली का बोलते."

राग आला का रडू आलं, मले समजलं नाही. मी म्हटलं, "अहो, मंग सरळ सांगा ना त्याले, बोल माह्याशी म्हणून!"

"काय बोलू म्हणू?" ते म्हणाले. "मनकर्णाले येत होतं ते. मले येत नाही."

आम्ही घागर भरली. त्यांनी तिच्यावर आंब्याचं पान ठेवलं, दोन खरबुजाच्या फोडी ठेवल्या, हात जोडले. चार घास शेवया खाल्ल्या. मी घरी गेली नाही. म्हटलं, आज या पोट्ट्याले मी पाह्यतेच.

दिवाबत्तीले फोन वाजला. भाऊ हात-पाय धुवायले गेलते. मी फोन उचलला अन् बाहेर ओट्यावर गेली, दार ओढून घेतलं.

"सागर, मी संध्या मावशी. ऐक. तुही मशीन बिघडेल नाही."

"मले माहीत हाये मावशी."

"काय माहीत हाये?"

"बाबा बंद करतात. ती मशीन माह्या मोबाईलवर दिसते इथं. चालू केली, बंद केली, सारं दिसते. पहिल्याच दिवशी दिसलं."

मी म्हटलं, "अरे नालायका! अन् तू त्यांना प्रेशर पाहा, नळी पाहा म्हणून राह्यला?"

तो मंग म्हणे, "मी काय करू मावशी? बंद दिसली का माहा जीव उडून जाते. कामात लक्ष लागत नाही. कंपनीच्या माणसाले मीच म्हटलं, बाबाले काही बोलू नको. पण मले माहीत हाये म्हटलं तर त्यांना लाज वाटीन. मंग ते काहीच सांगणार नाहीत. अन् मी तरी..." तो म्हणे, "इथं मी घरी येतो तर भिंतीशी बोलायचं. मावशी, त्या एका फोनवरच दिवस निघते माहा. ते थर्मामीटर दाखवतात ना, मी थर्मामीटर पाह्यतच नाही. त्यांच्या हाताकडं पाह्यतो."

अख्ख्या बसले दाबात ठेवणारी मी बाई. म्हटलं, असं चालणार नाही. एखाद्या दिवशी हा माणूस त्या खुर्चीतच जाईन. मी आत गेली. भाऊ टॉवेलनं तोंड पुसून राह्यले होते. घर थंड झालेलं. मी फोन त्यांच्या हातात दिला अन् मोठ्यानं म्हटलं, "मशीन ठीक झाली हाये. आता बंद करायची नाही. बोला तुमी दोघं."

सहदेवभाऊंनी फोन समोर धरला. सागर दिसत होता. बाप पाहून राह्यला, लेक पाहून राह्यला.

"ठीक झाली का बाबा?"

"झाली."

भाऊंनी घसा खाकरला. सागरनं कप उचलून ठेवला. मी मनातल्या मनात म्हणून राह्यली, अरे बोला, काहीही बोला, आज आखाजी हाये, मायची घागर भरली ते तरी सांगा! भाऊंचे ओठ हालले, पण निघालं ते एवढंच.

"नाश्ता केला?"

"केला. तुमी जेवले?"

"जेवलो."

"बरं मंग, ठेवतो."

"ठेव."

पडदा काळा झाला. भाऊंनी बोट लावून उजेड केला. पुन्हा काळा झाला. खोली अशी थंडगार, अन् त्यात तो माणूस एवढासा होऊन बसेल. मी बोलून-चालून धाडधाड बाई, पण तवा मले समजलं की मी काय केलं. या दोघांचं एकच दार होतं, अन् मी शहाणी ते लावून आली.

दुसऱ्या दिवशी सांजच्याले मी पुन्हा गेली. मशीन चालू होती. आदल्या रात्री निघताना मी माझी शपथ घालेल होती ना. भाऊ खुर्चीत. आज सदराही घातला नव्हता.

मी म्हटलं, "भाऊ, मशीन चालू ठेवूनही बिघडवता येते."

फोन वाजला. मीच उचलला.

"सागर, अरे तुह्या मशीनचा आवाज येऊन राह्यला रे बाप्पा. थंड करते, बंदही नाही केली, पण आवाज येते."

त्याच्या हातातल्या दुसऱ्या मोबाईलवर सारं हिरवं दिसत असीन, कारण त्यानं खाली पाह्यलं, पुन्हा वर पाह्यलं. डोळे पुसले. म्हणे, "कसा आवाज मावशी?"

"मले बाईले काय समजते? बापाले इचार."

मी फोन दिला. सहदेवभाऊ उठले, गुडघ्यावर हात देऊन मशीनजवळ खाली बसले, कान लावला.

"घरघर येते रे."

"सतत का मधून-मधून बाबा?"

"मधून-मधून. तुही माय पहाटे जात्यावर बसे ना, तसा. तुले आठवते का ते जातं?"

"आठवते. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपे. काल आखाजी होती ना बाबा? घागर भरली का आईची?"

"भरली. थांब, तुले दाखवतो."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. कान देऊन ऐकलं. मशीन आपली नेहमीसारखी हूं हूं करून राह्यली होती, बाकी कसलाच आवाज नव्हता. थंडी वाजाले लागली म्हून मी भाऊंची शाल ओढून घेतली.